मलिंगारचे तेलमंत्री

मी आयुष्यात एकच मंत्री जवळून पाहिला. ते रोज सकाळी टाय, त्यावर दोन स्वेटर आणि डोक्यावर लोकरीची कानटोपी अशा थाटात मागच्या अंगणात जात, हिरव्या प्लास्टिकच्या टाकीचं झाकण फिरवत आणि आत झाडूचा दांडा बुडवून तेल कुठवर आलंय ते बघत. मग दांडा पुसून घरात येत आणि चहा पिणाऱ्या जनतेला परिस्थिती सांगत. जनता म्हणजे आम्ही तिघं.

घर आयर्लंडमधल्या मलिंगारचं, गावाच्या कडेच्या एका वसाहतीतलं, भाड्याचं. मी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. माझी मैत्रीण त्याच हॉस्पिटलात भूल द्यायची, ती नायजेरियाची. तिसरा इकडच्याच कॉर्क शहरातला एक फिजिओथेरपिस्ट, जो थंडीतही हाफ पँट घालून फिरायचा आणि दिसेल ती खिडकी उघडायचा. आणि मैत्रिणीचे वडील. ते दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत महिन्याभरासाठी लेकीला भेटायला आले, आणि मार्चमध्ये विमानंच बंद झाली. वय पंच्याऐंशी उलटलेलं, पाठ सरळ, आवाज असा की दार न वाजवता उघडावं. मी त्यांना काका म्हणायला लागले. आमच्याकडे वडिलांच्या भावाला असं म्हणतात हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "धाकट्या की थोरल्या?" मी म्हटलं, दोन्ही. "मग चालेल," म्हणाले.

इकडे बऱ्याच घरांना गॅसची पाइपलाइन नसते. अंगणात टाकी, टाकीत तेल, तेलावर बॉयलर, बॉयलरवर सगळे रेडिएटर. तेल म्हणजे काय, तर आपलं रॉकेल. पहिल्या दिवशी टाकीजवळून गेले तेव्हाच वासावरून ओळखलं आणि सांगलीला आईला फोन केला. आई म्हणाली, "रॉकेलवर घर तापवताय होय? अगं, आम्ही रेशनच्या रांगेत उभारून डबाभर आणत होतो. आणि तुझ्या दारात टाकीच? बाई बाई, तू तर शेखीण झालीस की!"

काकांची आणि तेलाची ओळख याहून जुनी. त्यांचा देश स्वतंत्र झाला तेव्हा ते तरुण कारकून होते, जिल्हा कचेरीत नुकते चिकटलेले. पुढे चढत चढत मोठे अधिकारी होऊन निवृत्त झाले, सगळी नोकरी तेलाच्या मुलखात. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर देशाच्या प्रमुखाचा फोटो. रेडिओवर अचानक लष्करी बँड वाजायला लागला आणि मागून एक जाड आवाज "माझ्या देशबांधवांनो" म्हणाला, की काका उठायचे, स्टुलावर चढायचे आणि फोटो उतरवून ठेवायचे. "नवा यायचाच," ते म्हणायचे. "कशाला कुणी येऊन सांगायची वाट बघा? फोटो बदलायचे. खिळा मात्र आम्ही एकदाच ठोकला होता."

प्रत्येक नव्या सरकारचा कुणीतरी साहेब कचेरीत यायचा, खुर्चीत बसायचा, मागच्यांनी कसं खाल्लं ते सांगायचा. सगळं ऐकून घेऊन काका अदबीनं एकच विचारायचे, "सर, कधीपर्यंत?" म्हणजे तुम्ही कधीपर्यंत असणार. सैनिक म्हणायचे, थोडेच दिवस, घडी बसली की बराकीत परत. निवडून आलेले म्हणायचे, लोकांची इच्छा असेल तोपर्यंत. ठरलेली तारीख सांगून त्या तारखेला गेलेला साहेब काकांच्या टेबलासमोर कधी आला नाही.

"आमच्या गावात पामतेल निघायचं," त्यांनी एकदा सांगितलं. "लाल, घट्ट. अख्खं गाव त्यावर जगायचं. मग जमिनीखालचं तेल सापडलं आणि जमिनीवरचं सगळे विसरले. खालचं नळीतून बोटीत गेलं, आणि आम्ही पेट्रोलसाठी रांगेत." मला राहवलं नाही. मी त्यांना तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, ही आपली म्हण उलगडून सांगितली. धुपाटणं म्हणजे काय, त्यांनी विचारलं. देवापुढे धूप जाळायचं भांडं, मी म्हटलं. "रिकामं?" रिकामं. काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. "तुमचं कुणीतरी आमच्याकडे येऊन गेलेलं दिसतंय!"

फिजिओ ओट्यापाशी टोस्ट खात होता. तो म्हणाला, "आम्हीही इंग्रजांचेच गुलाम होतो की. पण आमच्याकडे सापडला फक्त पाऊस, ते एक ग्रँड झालं, बरंच झालं. पावसाचं खातं मिळावं म्हणून कुणी भांडत नाही."

हा सगळा गमतीचा भाग. पण घरात एक गोष्ट गमतीची नव्हती. सप्टेंबरात नायजेरियाची विमानं पुन्हा सुरू झाली आणि काकांनी बॅग पलंगावर काढून ठेवली. एक ऑक्टोबरला त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्याला साठ वर्षं होणार होती. पहिला झेंडा वर चढला तेव्हा ते कचेरीच्या मैदानात उभे होते. साठाव्या वर्षी त्यांना पुन्हा तिथेच उभं राहायचं होतं. लेक म्हणाली, नाही. लस नाही, विमानतळावर गर्दी, तिकडे काही झालं तर बघायला कोण? आई गेल्यावर तिला एवढंच माणूस उरलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला त्यांना परत पाठवायचंच नव्हतं, त्या वर्षी नाही आणि कधीच नाही. काकांनी बॅग पुन्हा कपाटावर ठेवली आणि एक ऑक्टोबरचा झेंडा फोनवर पाहिला, खुर्चीतून उभं राहून. मी दारातून पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. त्यानंतर ते खिडकीशी बसून राहायला लागले. "मी इथे काय करतो?" एवढंच कधीतरी म्हणायचे.

त्याच महिन्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागलं, आणि आमच्या टाकीतलं तेल संपलं. मला वाटलं मैत्रिणीने मागवलंय, तिला वाटलं फिजिओने, आणि फिजिओला थंडी वाजते हीच मुळी अफवा वाटत होती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर तीन घरचा. बॉयलरने दोनदा उचकी दिली आणि गप्प झाला. टँकर आला, पण तेल संपून नळीत हवा भरली होती; ती काढायला माणूस येईपर्यंत घर मडक्यासारखं गार. काका ओव्हरकोट घालून स्वयंपाकघरात आले, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "भरल्या टाकीच्या शेजारी बसून कुडकुडायला मला एवढ्या लांब यायची काय गरज होती?"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मी मैत्रिणीला म्हटलं, "काकांना थांबवायचंय ना? त्यांना खुर्ची दे."

"कसली खुर्ची?"

"तेलाचं खातं. टाकी, बॉयलर, थर्मोस्टॅट, सगळं त्यांच्या हाती. एकदा खुर्ची मिळाली की माणूस उठत नाही."

हे ज्ञान मी पुस्तकातून मिळवलेलं नव्हतं. मी साखर कारखान्यांच्या मुलखातली. आमच्याकडे चेअरमनसाहेब खुर्चीतून उठतात ते फोटोला हार चढायच्या वेळीच. मैत्रिणीच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. "आणि माझ्या देशात तेलाचं खातं मिळालेला माणूस आपणहून घरी गेलेला मी ऐकलेला नाही," ती म्हणाली. दोघींनी हात मिळवले. दोन देशांचा एवढा अनुभव गाठीशी असताना डाव फसेल कसा?

शपथविधी रविवारी झाला. फिजिओने काकांचा फोटो छापून आणला आणि थर्मोस्टॅटच्या वर, जिथे घरमालकाचं तळ्याचं चित्र होतं त्या खिळ्यावर लावला. काका टाय बांधून आले. लेकीने झाडूचा दांडा दोन्ही हातांवर धरून त्यांना दिला. त्यांनी तो घेतला नाही. आधी विचारलं, "कधीपर्यंत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "बघू ना, काका," मी म्हटलं. "ठरवू सावकाश."

"सैनिकही हेच म्हणायचे," काका म्हणाले. मग त्यांनीच मुदत ठरवली: मार्चअखेर ज्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात, तो शेवटचा दिवस. हिवाळा संपला, खातं संपलं. आणि जाताना टाकी भरलेली असेल. आम्ही हसून टाळ्या वाजवल्या. सुरुवातीला सगळेच असं म्हणतात.

मंत्री झाल्यावर काका बदललेच. खिडकीपाशी बसणं संपलं. सकाळी दांडा, मग थर्मोस्टॅट, मग कुठल्या खोलीत कोण आहे याची पाहणी. ड्यूटीवर गेलेल्याच्या खोलीचा रेडिएटर बंद. फिजिओची खिडकी उघडी दिसली की त्याला समन्स. तो बिचारा "सॉरी, मिनिस्टर" म्हणून खिडकी लावून घ्यायचा. टँकरवाला आला की काका फाटकापाशी उभे राहायचे आणि नळी आत जाण्यापूर्वी दांडा बुडवायचे, बाहेर आल्यावर पुन्हा. टँकरवाला जाताना मला म्हणाला, "युअर मॅन, तुमचा हा गडी, खात्यात असता तर आमच्या देशाचंही भलं झालं असतं." काकांना हे सांगितलं तर दिवसभर मिशीत हसत होते. लेक कानात कुजबुजायची, "बघ, आता कुठे जातायत!"

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी मैत्रीण त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेली आणि तशीच बाहेर आली, कपासकट. काका गादीवर ओव्हरकोट, टोपी आणि ब्लँकेटमध्ये बसले होते. त्यांच्या खोलीतला रेडिएटर बर्फासारखा. त्यांनी तो शपथविधीच्या दिवसापासून बंद ठेवला होता.

"का?" ती ओरडली. ती ऑपरेशन थिएटरात कधी आवाज चढवत नाही.

"ज्याच्या हाती तेल त्याची खोली आधी गरम झाली, की पुढचं सगळं आपोआप होतं," काका शांतपणे म्हणाले. "मी पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंत, पप्पा, आणि आम्ही भोगलं! शेजारच्या साहेबांकडे जनरेटर होता. तुम्ही त्यांच्याहून मोठे साहेब, आणि मी मेणबत्तीत अभ्यास केला!"

"डॉक्टर झालीस ना?"

"चष्मा लागला!"

मी आणि फिजिओ जिन्यात उभे होतो. मला हसूही येत होतं आणि तिचं मनापासून पटतही होतं. प्रामाणिक माणूस घरात असणं म्हणजे काय असतं, हे बाहेरच्यांना काय कळणार! ती जिन्यात आली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बंड करायचं."

बंड चहाच्या वेळेला झालं. लष्करी बँड काही मिळेना, म्हणून मी फोनवर पुण्याच्या एका पथकाचं ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं, पूर्ण आवाजात. फिजिओ भांड्यांच्या कपाटासमोर उभा राहिला (तो त्याला प्रेस म्हणतो, आणि वर्षभरात मीही म्हणायला लागले होते), छाती काढून म्हणाला, "माझ्या देशबांधवांनो! मंत्र्यांच्या अतिरेकी सद्वर्तनामुळे देश धोक्यात आला आहे!" मैत्रिणीने थर्मोस्टॅटवर हात ठेवला. ढोल असा घुमत होता की शेजारच्या बाईंनी पडदा बाजूला केला.

काका दारात आले. त्यांनी ढोल ऐकला, एक पायरीचं स्टूल ओढलं, आम्ही "अहो, सांभाळून" म्हणेपर्यंत त्यावर चढले, आणि खिळ्यावरचा स्वतःचा फोटो उतरवून ओट्यावर ठेवला. मग जिथल्या तिथे थांबले. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्टुलावर उभ्या उभ्या हसायला लागले. खांदे हलायला लागले, टोपी डोळ्यांवर आली. फिजिओने धावत जाऊन त्यांना धरलं. मी ओट्याला टेकून खाली बसले, माझ्याच्याने उभं राहवेना.

हसू ओसरल्यावर काकांनी बंडखोर लेकीकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, कधीपर्यंत?"

"तुमची खोली गरम होईपर्यंत," ती म्हणाली.

"एवढ्या वर्षांत," काका खाली उतरत म्हणाले, "या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर."

रात्रीच्या जेवणाआधी सत्ता परत दिली. घटनादुरुस्ती एकच: मंत्र्यांचा रेडिएटर बंद करण्याचा अधिकार मंत्र्यांना नाही. त्या दिवशी काकांनी लेकीच्या हातचा तिखट भात दोनदा घेतला आणि मी केलेल्या पिठल्याला चांगलं म्हटलं, यावरून ते किती खुशीत होते हे कळावं.

फेब्रुवारीत त्यांना पहिली लस मिळाली, मार्चमध्ये दुसरी. घड्याळं पुढे सरकायचा रविवार जवळ यायला लागला तशी मैत्रीण बेचैन झाली. "मुदतवाढ देऊ," मी म्हटलं. "लोकाग्रहास्तव. आमच्याकडे सगळे लोकाग्रहास्तवच थांबतात." फिजिओ म्हणाला, करायचंच तर आयरिश पद्धतीने रीतसर मतदान करू: प्रत्येकाने उमेदवारांपुढे आपल्या पसंतीचा क्रम लिहायचा, एक, दोन, तीन. उमेदवार आम्ही चौघंही. त्याने पास्त्याच्या डब्याची मतपेटी केली.

शनिवारी संध्याकाळी मोजणी झाली. आम्हा तिघांची पहिली पसंती काका. काकांची पहिली पसंती त्यांची लेक. फिजिओने निकाल जाहीर केला, मी ढोल-ताशा लावला, आणि मैत्रीण त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "आता नाही म्हणायचं नाही! जनतेने निवडून दिलंय!"

काकांनी ढोल थांबवायला सांगितला. ते उभे राहिले. "मी जनतेचा आभारी आहे," ते म्हणाले. "पण उद्या रविवार."

"पप्पा..."

"साठ वर्षं मी वाट बघतोय की तेलाच्या खात्यातला एक तरी माणूस ठरलेल्या दिवशी घरी जाईल. दुसरं कुणी गेलं नाही. शेवटी ही संधी माझ्याच वाट्याला आली, तुमच्याच कृपेनं. ती मी वाया घालवू?"

"पण आम्ही सगळ्यांनी मत दिलंय," ती म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "आम्हाला तुम्ही हवे आहात."

"माहीत आहे. म्हणूनच तर आता जायचं. नकोसं झाल्यावर कुणीही जातो."

माझा डाव माझ्याच अंगावर उलटला होता. आम्ही त्यांना खुर्ची दिली ती अडकवायला, आणि त्यांनी तिचा उपयोग केला उठायला. मला त्यांचा अभिमान वाटला आणि तिच्यासाठी वाईट, दोन्ही एकदमच. ती बराच वेळ मागच्या अंगणात टाकीपाशी उभी होती. आत आली तेव्हा नाक लाल होतं. "तिकीट मीच काढणार," म्हणाली. "आणि खिडकीची जागा."

रविवारी घड्याळं पुढे सरकली आणि खातं संपलं; भरल्या टाकीचा शब्द तेवढा राहिला होता. त्या आठवड्यात टँकर आला, काकांनी शेवटचा दांडा बुडवला आणि टाकी काठोकाठ भरून घेतली. निघायच्या सकाळी ते स्टुलावर चढले, फोटो उतरवला आणि बॅगेत घातला. मी विचारलं, आता खिळ्यावर काय लावायचं? "काही नाही," ते म्हणाले. "रिकामा खिळा बघायची सवय करा." फिजिओने दारात हात मिळवला, "ग्रँड, मिनिस्टर" म्हटलं आणि आत जाऊन आपली खिडकी लावून घेतली.

मे महिन्यात एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात, झाडाखाली, बनियनवर बसले होते, टोपी नाही, स्वेटर नाही. त्यांना इतकं उघडं मी कधी पाहिलंच नव्हतं. आजूबाजूला माणसंच माणसं. गावातले लोक सल्ला विचारायला येतात, म्हणाले. बोलता बोलता तिकडची वीज गेली आणि पडदा काळा झाला. मैत्रिणीचा घास हातातच राहिला.

अंधारातून आवाज आला, खणखणीत. "टाकी किती?"

ती उठली नाही. तिला उठायची गरजच नव्हती. "निम्म्याच्या वर," ती म्हणाली. "सकाळीच दांडा बुडवला."

मी आणि फिजिओ तिच्याकडे बघत राहिलो. हे ती आम्हाला कधी बोलली नव्हती.

"म्हणजे आता मंत्री तू?" तिकडून काकांनी विचारलं.

"हो."

"कधीपर्यंत?"

तिने घास ताटात ठेवला. मग कॅमेऱ्याकडे बघत, आपण त्यांना दिसतोय हे माहीत असल्यासारखी, पाठ सरळ करून म्हणाली, "सप्टेंबरअखेर. पप्पा, एक ऑक्टोबरला मी तुमच्याकडे येतेय. मैदानात उभं राहायला."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी कंदील आणला आणि त्या पिवळ्या उजेडात काका दिसले, उभे.